तू सुरू कर, मी बंद करतो

४ डिसेंबर

खिडक्या बंद झाल्या. माझे वाईट दिवस सुरू.

उन्हाळ्यात माझं वाजवणं खिडकीतून बाहेर पडायचं आणि रस्त्याचं होऊन जायचं. रस्त्याची तक्रार नव्हती. आता ते घरातच फिरतं — स्वयंपाकघरात जातं, परत येतं, नवऱ्याच्या वर्तमानपत्रावर बसतं. आज म्हणाला, "अगं, तेच तेच काय वाजवतेस?" म्हटलं, याला सराव म्हणतात. "मग आलं की पुढे जा ना." येत नाही म्हणूनच तेच तेच. त्याने मान डोलावली. वाक्य पोचलं, अर्थ वाटेत राहिला.

चेलो. माणसाएवढं व्हायोलिन, गुडघ्यांत धरून वाजवायचं. पंचेचाळिशी उलटल्यावर घेतला. लोक विचारतात, एवढं मोठं वाद्य का? बासरी घेतली असती तर निदान लपवता आली असती, हे खरं.

५ डिसेंबर

घरात वाजवायला जागा नाही. बैठकीच्या खोलीत टीव्ही आणि नवरा, दोन्ही एकदमच चालू होतात. आमच्या झोपायच्या खोलीत पलंग, आणि पलंगाभोवती माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट. तिथे चेलोचा गज पूर्ण ओढला की कपाटाचं दार उघडतं. राहिला पॅसेज. चपलांच्या स्टँडशेजारी स्टूल, डावीकडे न्हाणीघराचं दार, उजवीकडे सासऱ्यांच्या खोलीची भिंत. ज्याला न्हाणीघरात जायचं त्याने माझा गज वर जाण्याची वाट पाहायची आणि खालून वाकून निघून जायचं. नवऱ्याला तेवढाच व्यायाम.

सासऱ्यांची खोली मात्र — दुपारचं ऊन, हीटर, घट्ट लागणारं दार. एक पलंग, एक खुर्ची, एक माणूस. बाकी सगळी रिकामी. म्हणजे नासाडीच.

हे कागदावर बरं दिसत नाही. राहू दे.

७ डिसेंबर

मी चेलो पिशवीतून काढला की सासरे दारात येतात. रोज. दिवे लागायची वेळ, मी स्टुलावर, बोटं गारठलेली, तारा उतरलेल्या. ते उभे राहतात आणि म्हणतात, "सूनबाई, तू सुरू कर, मी बंद करतो."

मग कानातलं मशीन काढतात. डबीत ठेवतात. डबीचं झाकण लावतात — टक्. दार ओढून घेतात.

सगळं आयुष्य छापखान्यात मशीनवर गेलं, कान तिथेच ठेवून आले. उरलेलं जग या कानातल्या मशीनमधून ऐकतात. बातम्यांतली भांडणं चालतात. मिक्सर चालतो. नवऱ्याचं घोरणं भिंतीतून येतं, तेही चालतं. बंद फक्त माझ्यासाठी.

आणि सांगून! न सांगता काढलं असतं तर मला कळलंही नसतं. पण ते शिष्टाचार पाळतात. अपमानही वेळेवर आणि दारात येऊन.

९ डिसेंबर

तालीम. आमचा हौशी वाद्यवृंद टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमतो. रबराचा वास, खाली हवा भरण्याचा फुसफुस आवाज. त्यातल्या त्यात सुरात तोच.

हीटर नाही. सगळे कोट घालून वाजवतात. मी जुन्या हातमोज्यांची बोटं कापून घातली आहेत. लांबून पाकीटमारासारखी दिसते. विमा एजंटची बासरी थंडीने उतरते. ती चढत नाही म्हणून मग आम्ही सगळे तिच्यापर्यंत उतरतो. याला आम्ही एकोपा म्हणतो.

पुढारी दातांचे डॉक्टर. स्वतः व्हायोलिन वाजवतात आणि पेन्सिलने आम्हाला हाकतात. धंद्याची सवय जात नाही. "उघडा, अजून उघडा." म्हणजे आवाज. "आता थोडं दुखेल." म्हणजे अवघड जागा येते आहे.

आज जाहीर केलं — फेब्रुवारीच्या सुरुवातीला वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम. संथ तुकड्यात मधल्या चार ओळी एकट्या चेलोच्या. बाकी सगळे गप्प. चेलो आम्ही दोघी वाजवतो, मी आणि वकीलबाई. कुणाला द्यायच्या ते जानेवारीत ठरवणार.

वकीलबाईंकडे चेलोसाठी वेगळी खोली आहे. गालिचा आहे. हे त्यांनी मला नव्हे, सगळ्यांना सांगितलं.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा आवाज दबून येतो. आणि शेवटच्या ओळीत घाई करता, जसं कुणी हाकलतंय. घरी कुठे वाजवता?"

"चपलांजवळ."

"तेच ऐकू येतं," म्हणाले.

या चार ओळी मला हव्या आहेत. इतकं काही हवंसं वाटून बरीच वर्षं झाली होती.

११ डिसेंबर

ऑफिसात कुक्कुटपालनाच्या पुस्तिकेचं मुद्रितशोधन. "मोठ्या व अनपेक्षित आवाजामुळे पक्षांवर ताण येतो व अंडी घटतात." 'पक्षांवर'चं 'पक्ष्यांवर' केलं. एका य-साठी सगळं राजकारण अंडी घालायला बसलं होतं.

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "तुला बरं, चुका शोधायचा पगार मिळतो. माझ्या सासूबाई हे काम फुकट करतात."

घरी येताना तेच वाक्य डोक्यात. मोठ्या आवाजामुळे पक्ष्यांवर ताण येतो. म्हाताऱ्या माणसांवरही येत असणार. येतच असणार. कुणीतरी काळजी घ्यायला हवी त्यांची.

१४ डिसेंबर

सासऱ्यांचं मशीन शिट्टी मारत होतं. दुरुस्तीला घेऊन गेले. गाडीत पुढची सीट नेहमी चेलोची असते, पट्टा लावून. आज तिथे सासरे. पट्टा त्यांनाही मीच लावला. दोघांपैकी चेलो कमी कुरकुरतो असं लिहिणार होते, पण सासरे कुरकुरले नाहीत. सबंध रस्ता काचेवर बोटांनी टकटक करत बसले.

मशीनवाल्याने नवीन बटण-सेल घातला, दोनदा टाळ्या वाजवल्या. "आलं ऐकू?" आलं. मग मला म्हणाला, "ही मशीनं बोलणं ऐकायला केलेली असतात, मॅडम. गाणंबिणं असेल तर यांतून फाटतं. पत्र्यावर खडे टाकल्यासारखं. पुष्कळ लोक तक्रार घेऊन येतात."

म्हटलं, आमच्याकडे मशीन नसलेल्यांचीही तीच तक्रार आहे.

तो हसला. सासरे हसले नाहीत. त्यांना ऐकू आलं होतं.

१८ डिसेंबर

नणंद आली. नवऱ्याची थोरली बहीण. घरात शिरली की आधी नजर फिरवते, मग चपला काढते.

नणंद हलक्या कानाची आहे. घरात एकाचे कान निकामी, एकाचे हलके. मी वापरायचे ते वापरले.

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत, ताई. फक्त संध्याकाळी मशीन काढून ठेवतात. मी वाजवायला बसले की."

"म्हणजे? रोज?"

"रोज. बिचारे काही बोलत नाहीत."

"म्हणजे माझ्या बापाने बहिरं होऊन बसायचं? तुझ्या हौसेसाठी?"

"तेच तर मला खातं, ताई."

"मग बंद कर ना ते रडगाणं."

"करते. पण कार्यक्रम ठरलाय, लोकांना शब्द दिलाय. तोवर त्यांना शांत जागा मिळाली असती तर..." इथे मी चहा गाळायला उठले. गाळणी हातात असली की वाक्य अर्धं सोडता येतं.

परत आले तेव्हा नणंद ठरवून बसली होती. "थंडीपुरतं मी नेते त्यांना. माझ्याकडे बाहेरची खोली रिकामीच आहे. आणि तिथे कुणी काही घासत बसत नाही."

मी नाही-नाही म्हटलं. चांगलं म्हटलं. माझ्याही मनाला पटावं इतपत.

२० डिसेंबर

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "तुम्ही दोघी बघा काय ते." आमचं लग्न ठरतानाही तो हेच म्हणाला असणार.

थोड्या वेळाने टीव्हीकडे बघतच, "बाबांना विचारलं का कुणी?"

"तू विचार."

"विचारतो."

बातम्या संपल्या. मग खेळाच्या बातम्या.

२१ डिसेंबर

विचारलं नाही.

२३ डिसेंबर

मीच विचारलं. मशीन कानात होतं. म्हटलं, बाबा, ताई म्हणतात थंडीपुरतं तिकडे चला. इथे तुम्हाला आवाजाचा त्रास होतो.

"कसला आवाज?"

"माझा. चेलोचा."

कानातलं मशीन बोटाने नीट बसवलं. मग म्हणाले, "तुला अडचण होते का माझी?"

"छे हो. अडचण कसली?"

"बरं," म्हणाले. "मग जातो."

या दोन वाक्यांमध्ये काहीतरी गळलंय. ऑफिसात असते तर समासात काकपद घालून खूण केली असती.

२७ डिसेंबर

सासरे गेले.

त्यांची बॅग मी भरली. स्वेटर, गोळ्या, मशीनची डबी. चेन लागेना, मी ओढत होते. ते खुर्चीत बसून माझ्या हातांकडे बघत होते. म्हणाले, "शेवटाला घाई करतेस तू." म्हटलं, ताई खाली गाडीत थांबल्यात. "ते नव्हे," म्हणाले. चेन लागली.

दारात विचारलं, "तुझा कार्यक्रम कधी?"

"फेब्रुवारीत. तुम्ही या."

"मोठं सभागृह?"

"मोठं आहे."

"म्हणजे मशीन घालून बसावं लागणार."

"अर्थात. नाहीतर ऐकणार कसं?"

"मग नको," म्हणाले.

जाता जाताही टक्. झाकण तेवढं नव्हतं.

नवरा खालपर्यंत पोचवायला गेला. वर येऊन चपला स्टँडवर नीट लावत बसला. त्या नीटच होत्या. म्हणाला, "छापखान्यात सगळे बाबांना बोलवायचे माहितीये? मशीन अडलं की. ऐकू येत नव्हतं तरी. लोखंडावर तळवा ठेवून डोळे मिटायचे." मी म्हटलं, हो, तू सांगितलंयस. त्याने खरंच सांगितलंय. पुष्कळदा. मुलगे बापाबद्दल एकच गोष्ट पाठ करून ठेवतात.

२८ डिसेंबर

खोली माझी! पलंग भिंतीला उभा केला. मध्ये खुर्ची, पुढे स्टँड. हीटर. दार लावलं.

गज पूर्ण ओढला. काहीही उघडलं नाही, कुणीही वाकलं नाही. आवाज मोठा, गोल. मला वाटलं होतं तसंच वाजवते मी. डॉक्टरांना ऐकवायला हवं.

३१ डिसेंबर

पॅसेजकडच्या भिंतीवर तेलकट डाग आहे. पेल्याच्या बुडाएवढा. सासऱ्यांची खुर्ची तिथेच असायची. डोकं टेकून पडतात तसले डाग, पण हा जरा बाजूला आहे. खुर्चीत सरळ बसून डोकं तिथे पोचत नाही, मी बसून पाहिलं. मान वाकडी करावी लागते. म्हातारपणी माणूस कसाही बसतो.

वाजवताना समोर तोच दिसतो. पुसून गेला नाही. रंगाऱ्याला बोलावलंय.

३ जानेवारी

मजा आहे. खोली मिळाली आणि वाजवणं राहिलं. दिवे लागतात, मी दार लावते, बसते. मग उठून स्टँड सरकवते. राळ घासते गजाला. मोबाइल बघते. कुणी दारात येत नाही, काही बोलत नाही, आणि सुरू करायचं राहून जातं. जन्मभर घंटेवर वर्गात शिरलेल्या माणसासारखी झाले आहे.

आज स्वतःच मोठ्याने म्हटलं, "तू सुरू कर." नवरा बाहेरून ओरडला, "काय सुरू करू?"

६ जानेवारी

रंगारी आला. डाग पाहून म्हणाला, "ताई, इथं कोण भिंतीशी कुजबुजायला बसायचं?" म्हटलं, सासरे. त्यांना ऐकू येत नाही. "मग भिंतच त्यांना सांगत असेल," म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला. ठिगळ दिसेल म्हणून सबंध भिंत रंगवायला लावली.

रंगाचा वास. आज वाजवणं नाही. आयतं कारण.

१३ जानेवारी

मिळाल्या! चार ओळी मला.

वकीलबाईंनी आधी वाजवल्या. स्वच्छ, बिनचूक, नोटीस बजावल्यासारख्या. मग मी. डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "उघडला आवाज तुमचा. काय केलंत?"

"जागा बदलली."

"शेवटची घाईही गेली."

गेली होती. शेवटच्या ओळीला आले आणि "शेवटाला घाई करतेस तू" असं कानात आलं — बॅगेची चेन, सासरे, सगळं. हात आपोआप थांबून चालला. बॅग भरण्याचाही उपयोग होतो कुठेतरी.

वकीलबाई म्हणाल्या, "अभिनंदन. तुमच्या घरी आता शांतता असते ऐकलं." सगळ्या हॉलला माहीत आहे. विमा एजंट नणंदेच्या गल्लीत राहतो.

१९ जानेवारी

नवरा रविवारी बापाला भेटून आला. काय म्हणाले? "काही नाही." कसे आहेत? "बरे आहेत." जेवतात? "जेवतात बहुतेक."

याला बातमीदार केलं तर वर्तमानपत्र एका पानाचं निघेल, आणि तेही कोरं.

२४ जानेवारी

जाडी तार तुटली. कोरड्या हवेने. हीटरशेजारी ठेवू नका असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

१ फेब्रुवारी

कार्यक्रम झाला.

सभागृह अर्धं भरलेलं. त्यातले निम्मे दातांच्या डॉक्टरांचे पेशंट. टाळ्या वाजवताना तोंड मिटून होते. बासरी आज उतरली नाही, कारण तिथे हीटर होता. ती चढली. आम्ही सगळे उतरायची सवय लागलेले. पहिल्या तुकड्यात बासरी माळ्यावर आणि आम्ही तळघरात. डॉक्टर घामाघूम. "थोडं दुखेल" असं कुणी श्रोत्यांना सांगायला हवं होतं.

मग संथ तुकडा. सगळे थांबले. माझ्या चार ओळी.

चांगल्या झाल्या. याबद्दल थट्टा सुचत नाहीये.

गज उचलला तेव्हा शांतता होती, आणि त्या शांततेत मी कशाची तरी वाट पाहत बसले. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या तेव्हा कळलं, मी डबीच्या आवाजाची वाट पाहते आहे. टक्. तो आला नाही. तसंच सुरू केलं.

नवऱ्याने मोबाइलवर सगळं टिपलं. घरी येऊन लावलं तर आवाज नाही. माइकवर अंगठा. मी ओठ घट्ट मिटून हात हलवते आहे, कुणीतरी लाकूड कापावं तशी. "चित्र छान आलंय ना पण," म्हणाला. बहिणीला पाठवलंसुद्धा.

"आवाज नाही हे सांगितलंस का तिला?"

"बाबांसाठी पाठवलंय. त्यांना काय फरक पडतो?"

३ फेब्रुवारी

नणंदेचा निरोप, नवऱ्यामार्फत. बाबांनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा. म्हणाले, "आता नाही करत घाई."

नवरा म्हणाला, "कसली घाई?"

म्हटलं, माहीत नाही. चेलो पिशवीत होता. काढला नाही.

८ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. आवाज खाली, दार लावून बोलत असावी. "अगं, बाबांचं काही तरी बिनसलंय. संध्याकाळी दिवे लागले की मशीन काढतात, डबीत घालतात, आणि खुर्ची ओढून भिंतीला कान लावून बसतात. रोज. हाक मारली तर हात वर करतात, थांब म्हणून. डॉक्टरांना दाखवू का?"

डाग कानाच्या उंचीवर होता.

विचारलं, भिंतीपलीकडे काय आहे?

"काही नाही गं. पाण्याचा पंप. संध्याकाळी लावतो आम्ही."

पंप. तो निदान शेवटाला घाई करत नसेल.

म्हटलं, डॉक्टर नकोत, ताई. उद्या मी येते त्यांना घ्यायला.

"आणि तुझी वाजवायची खोली?"

म्हटलं, पॅसेज बरा आहे. स्टूल भिंतीला चिकटवून घेईन.